ओनेझीमच्या नाचघराची मगर

१२ जानेवारी १९७४, शनिवार

रेडिओवर माझं नाव!

ऑरेलियाच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. लेकीची कॉफी म्हणजे डांबर, पण गरम असते. एकदम किंचाळली — "पापा, गप्प बसा!" मी बोलतच नव्हतो. रेडिओत कोणीतरी गात होतं — चला, चला, ओनेझीमच्या नाचघरी. अर्धं इंग्रजीत, अर्धं आपल्या फ्रेंचमध्ये. मागे आपलं अकॉर्डियन, पुढे नॅशव्हिलच्या गिटारी, मधे मी. चार वेळा नाव घेतलं. मोजलं.

गाणारा डर्वुड इस्त्र. पेट्रोलपंपवाल्याचा पोरगा. दोन वर्षं माझ्याकडे ड्रम वाजवायचा. वाजवायचा कसला — ड्रमशी त्याची जुनी दुश्मनी होती. मीच काढला त्याला. आणि आता तोच देशभर गाजतोय म्हणे. सगळ्या स्टेशनांवर.

"तुम्हाला अमर केलं त्याने!" ऑरेलिया रडायलाच लागली. रडण्यासारखं काय त्यात?

मी दुसऱ्यांदा लागलं तेव्हा नीट ऐकलं. गाण्यात काय आहे ते लिहून ठेवतो. नाचघर बायूच्या, म्हणजे संथ ओढ्याच्या, काठाला, पोरी होडीत बसून नाचायला येतात. पायऱ्यांखाली मगर राहते, तिला लोक बूडॅन, भात-मांस भरलेलं सॉसेज, खायला घालतात. दारात मालक — ढेरपोट्या, एका डोळ्याचा — लोखंडी तिकोन टणाटणा वाजवतोय.

मी काठीसारखा. डोळे दोन, दोन्ही चालू. तिकोनाला जन्मात हात लावला नाही. माझं नाचघर भाताच्या शेतात! पाणी म्हणजे एक चर, त्यात झिंगे. होडीतून यायचं तर होडी आधी ट्रॅक्टरवर चढवा.

हे सगळं क्लेबेरच्या हॉलचं वर्णन आहे. नुसतं नाव माझं. घ्या — एकोणीस वर्षांनी त्याचं नाव लिहिलं एकदाचं.

शेवटी एक ओळ — 'ओनेझीमच्या दारात मध्यरात्र लवकर येते.' मध्यरात्र काय पाहुणी आहे, लवकर यायला? यमकासाठी काय वाटेल ते.

१३ जानेवारी, रविवार

चर्चमधली मिस्सा संपल्यावर अर्धं गाव भोवती. "नॉन्क ओनेझीम, मगर काय म्हणते?" लहानथोर सगळे मला नॉन्क म्हणतात, काका. काकाशी बोलायची ही रीत? म्हटलं, मगर बरी आहे, तुझ्या सासूची चौकशी करत होती.

१६ जानेवारी

क्लेबेर डोक्यातून जाईना. लिहून टाकतो म्हणजे जाईल.

माझ्या बायकोचा, एलोडीचा, धाकटा भाऊ. हे नाचघर आम्ही दोघांनी बांधलं. मी दारात, तो बँडमध्ये तिकोन घेऊन. चांगलं चाललं होतं. मग ती मार्डी ग्राची रात्र. मार्डी ग्राला बारा वाजले की राखेचा बुधवार लागतो, तिथून उपासाचे चाळीस दिवस नाच बंद. पाळण्यातल्या पोरालापण माहीत आहे. भिंतीवरच्या घड्याळात बारा पडले. मी घंटा वाजवली. आणि हा वाजवतोच आहे! अकरा मिनिटं! उपासात! वर माझ्या नाकाखाली मनगट धरलं — "दाजी, अजून बारा व्हायचेत." मी बघितलंसुद्धा नाही. सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ खोटं, आणि ह्याचं टपालाने मागवलेलं खरं?

संपलं. त्याने बायूच्या काठाला स्वतःचा हॉल काढला, मगरीसकट. सहा वर्षांपूर्वी वादळाने त्याचं छप्पर नेलं. तेव्हापासून ओसरीवर बसून असतो. एलोडीच्या दफनाला आला होता. शेवटच्या बाकावर. मी पहिल्या.

माझंही काय मोठं चाललंय? शनिवारी चाळीस माणसं, त्यातली दहा डुलक्या काढायला. मार्डी ग्रा झाला की कुलूप घालायचं, भाताच्या पोत्यांना भाड्याने द्यायचं, असं ठरलंय. आता हे गाणं!

१९ जानेवारी, शनिवार

तीनशे माणसं! मोटारी पार शेजाऱ्याच्या शेतात. टेक्सासहून आलेत, कुठून कुठून आलेत. एक बाई भली. लाकडी जमिनीवर आपण मक्याचं पीठ भुरभुरतो, पाय घसरावेत म्हणून. तिला वाटलं सांडलंय. झाडू शोधून काढला आणि सगळं लख्ख करून ठेवलं! मग पहिल्या वॉल्ट्झला दीडशे माणसं गोंदावर बसलेल्या माश्यांसारखी.

सगळ्यांचा एकच प्रश्न. मगर कुठंय, एका डोळ्याचा मालक कुठंय. मालक मीच म्हटलं. एकाने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "दुसरा डोळा कधी आला?"

जाताना ऑरेलियाने स्टुलावर चढून घड्याळाला चावी दिली. आई गेल्यापासून ते काम तिचं. मला हात लावू देत नाही, मोडाल म्हणते.

२० जानेवारी

ऑरेलिया म्हणते डोळ्याला काळी पट्टी बांधा, लोक लांबून येतात, हिरमोड होतो. मी काय तमाशातला आहे? नाही म्हणजे नाही.

२६ जानेवारी, शनिवार

पट्टी बांधली. अर्धाच तास.

२७ जानेवारी

रविवारी खोटं नको. चार तास बांधली.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हटलं. कॉफी ओतली ती कपाच्या शेजारी. दाराच्या चौकटीला दोनदा कपाळ आपटलं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या — त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. सत्तावीस जणांनी फोटो काढले माझ्याबरोबर. एका बाईने गालाचा मुका घेतला, पट्टीच्या बाजूने. त्यामुळे येताना दिसली नाही.

वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं.

२ फेब्रुवारी, शनिवार

जावई, विल्फ्रे, मगर घेऊन आला. पेंढा भरलेली. कुठल्याशा बंद दुकानाच्या काचेत पडून होती. अर्धे दात गेलेत, शेपटीला टाके, आणि एका डोळ्याच्या जागी नुसतं भोक. म्हणजे मालक आणि मगर, जोडी जमली! पायऱ्यांखाली सरकवली.

आता पायऱ्यांखाली आमचा कुत्रा कॅपितेन झोपतो. अकरा वर्षं. तो कशाला जागा सोडतोय? मगरीच्या मागे पसरला. पाहुण्यांनी बूडॅन टाकलं, तर अंधारातून मच्-मच्, गुर्रर्र, बूडॅन गायब! डॅलसची एक बाई उभी होती ती आडवी. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, अजून एक टाकू का?

विल्फ्रे छाती काढून फिरतोय, जसं काही स्वतःच व्यायला मगर.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पाचशे. पोतीवाल्याला सांगितलं, नाचघर देत नाही. वाचलं म्हणायचं.

कॅपितेनला पायऱ्यांखालून बाहेर पडता येईना. विल्फ्रेने ओढून काढला. बूडॅन, दुसरं काय.

पण रात्री भांडी घासताना ऑरेलिया म्हणाली, "क्लेबेरमामा दुकानात दिसले. तेवढ्यात रेडिओवर गाणं लागलं."

"मग?"

"मग काय? संपेपर्यंत बुटांकडे बघत उभे राहिले. पीठ न घेताच गेले."

मी काय करू? गाणं मी लिहिलं? मी त्याला सांगितलं माझं नाव घाल म्हणून?

पट्टीखाली डोळा खाजतो. खाजू दे.

२७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

काल मार्डी ग्रा. माणसं मोजायचं सोडून दिलं. बाराच्या पहिल्या ठोक्याला घंटा वाजवली. अकॉर्डियन मधेच तुटलं, अर्धा सूर हवेत. "चला, घरी चला! उपास लागला!" पाहुणे बघतच राहिले. ह्यूस्टनच्या एका माणसाने मनगट पुढे केलं — बघा म्हणे. मी बघितलं नाही. मनगट पुढे करणारे सगळे एकाच माळेचे मणी. गावचे मात्र गुपचूप कोट घालून निघाले. त्यांना वळण आहे. जाताना एकमेकांकडे बघून हसत होते, कशाला कोण जाणे.

सकाळी फादरनी कपाळाला राख लावली. "काय नॉन्क, वेळेत बंद केलं ना?" तेपण हसले.

२ मार्च, शनिवार

दारावर पाटी — 'उपास. ईस्टरपर्यंत नाच नाही.' तरी बस आलीच. चाळीस माणसं, नवे बूट.

ड्रायव्हर म्हणतो, "गाण्यात तर दर शनिवारी आहे!"

म्हटलं, "गाण्यात मगर जिवंत आहे."

"शेजारच्या गावात चालू आहेत की नाच. आता कोण पाळतं?"

"मी पाळतो."

तो हिरमुसला. तेवढ्यात चर्चच्या तीन म्हाताऱ्या पुढे झाल्या. उपासात वाजवायचं नाही, पण हातात हात धरून गोल फिरायला बंदी नाही. तोंडाने गायचं, टाळ्या नाहीत की तिकोन नाही. आमच्या लहानपणी उपासात तेवढंच होतं. म्हाताऱ्यांनी चाळीसच्या चाळीस पाहुणे अंगणात गोल उभे केले आणि फिरवले. एका गाण्याची सव्वीस कडवी. दोन तास! एकजण पाणी मागायला लागला तर उरास्सी म्हातारी ओरडली, "हात सोडायचा नाही, पहिल्यापासून धरावं लागेल!" बसमध्ये चढले ते नवे बूट हातात घेऊन.

९ मार्च, शनिवार

तेच चाळीस परत आले. माणसांचं काही कळत नाही.

१६ मार्च, शनिवार

डर्वुड आला. लांबलचक मोटार, पांढरे बूट, बाह्यांना झालरी. पडद्याचं कापड उरलं असेल. बसची माणसं त्याच्याभोवती गोळा. मी दारात उभा, पट्टी बांधून.

तो मला बघून थबकला. "नॉन्क! डोळ्याला काय लागलं?"

मी पट्टीची गाठ चाचपली.

मग इकडेतिकडे बघतो. "आणि नॉन्क क्लेबेर कुठंयत? गाणं तर त्यांच्या हॉलचं!"

कॅपितेनसुद्धा मच्-मच् करायचा थांबला.

"मग माझं नाव कशाला घातलंस, गाढवा?"

"क्लेबेर चालीत बसेना, नॉन्क. लवकर संपतं. ओनेझीम कसं लांब जातं." गाऊन दाखवलं. खरंच लांब जातं. "बाकी सगळं त्यांचं. एक ओळ सोडून. ती एक तुमची."

"कुठली?"

पण तेवढ्यात बायकांनी त्याच्या झालरी धरल्या आणि तो गेला वाहून.

मी पट्टी काढली. पायरीवर चढून सांगितलं — हे नाचघर गाण्यातलं नाही. गाणं माझ्या मेव्हण्याच्या हॉलचं, त्याचं छप्पर वादळात उडालं. मला दोन डोळे आहेत. मगर पेंढ्याची आहे, बूडॅन कुत्रा खातो.

पाच मिनिटं बोललो. जन्मात एवढं लांब बोललो नव्हतो.

एकाने हात वर केला. "पण मगरीबरोबर फोटो काढता येईल ना?"

१७ मार्च, रविवार

मिस्सानंतर घरी न जाता थेट क्लेबेरकडे. तो ओसरीवरच होता. पोट वाढलंय. मी पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुझी."

"मी कधी पट्टी बांधली नाही, दाजी. माझा डोळा खरंच गेलेला आहे."

बसलो. मग तो म्हणाला, "मगर आणलीत म्हणे."

"पेंढ्याची."

"माझी खरी होती."

"माहीत आहे. विल्फ्रेचा बूट खाल्ला होता तिने."

"डावा." जरा हसला. मग म्हणाला, "ताई दर रविवारी गंबोचं कालवण पाठवायची. तुम्हाला कळलं नसेल."

"पातेलं कुठे जातं ते कळायचं मला." हे मी कधी कोणाला बोललो नव्हतो.

मग मुद्द्यावर आलो. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, नाचघर उघडतंय, तू तिकोन घेऊन दारात बस. गाणं तुझं आहे, लोकांनी तुला बघावं.

तो लगेच म्हणाला, "येतो. फक्त एवढं म्हणा — त्या रात्री बारा वाजले नव्हते."

"वाजले होते."

"नव्हते, दाजी."

"वाजले होते!"

"नव्हते!"

एवढं ओरडलो दोघं की त्याची कोंबडी अंड्यावरून उठून गेली. मी पण उठलो. टोपी तिथेच राहिली.

३१ मार्च

तो आला नाही. मी गेलो नाही. विल्फ्रे म्हणतो, "म्हणून टाका ना पापा, तुमचं काय जातं?" काय जातं! अकरा मिनिटं जातात. उपासातली.

टोपी पण तिकडेच.

१२ एप्रिल, गुड फ्रायडे

उद्या रेडिओवाले येतायत, ट्रक घेऊन. नाच सुरू होताना इथूनच सगळ्या राज्याला ऐकवणार. नवे फादर म्हणतात रात्रीच्या मिस्सापर्यंत थांबावं. मी जुन्या रीतीचा. पवित्र शनिवारी दुपारी बाराला उपास सुटतो, माझ्या बापाचा सुटायचा, सासऱ्यांचा सुटायचा. रेडिओवाल्यांना बजावलं — बाराच्या ठोक्याला सुरू. एक मिनिट आधी नाही. अकरा तर नाहीच नाही.

ऑरेलिया काहीतरी सांगायला आली होती. "पापा, त्या घड्याळाचं —" म्हटलं, चावी दे आणि जा, मला शंभर कामं आहेत.

१३ एप्रिल, शनिवार

पहिल्यापासून लिहितो.

अंगणापर्यंत माणसं. मक्याचं पीठ टाकलेलं. डर्वुड अकॉर्डियन छातीशी घेऊन तयार. दाराशी माझी खुर्ची रिकामी ठेवली होती. मी घड्याळाखाली उभा. बाराचा पहिला ठोका पडला, मी हात खाली आणला, आणि असा काही नाच सुटला! चाळीस दिवसांचा साठलेला.

अर्धं गाणं झालं नाही तो रेडिओवाला नाचणाऱ्यांमधून धावत आला, पिठावरून घसरला, माझ्या पायाशी येऊन थांबला. "आजोबा! हे काय? अजून तारा जोडतोय आम्ही! आत्ता कुठे अकरा एकोणपन्नास!"

"तुमचं घड्याळ मागे आहे."

त्याने मनगट दाखवलं. ह्या वेळी बघितलं. त्याच्या जोडीदाराचं बघितलं. ट्रकमधल्या रेडिओवर बाई वेळ सांगत होती, तीही ऐकली.

वळून गावाकडे बघितलं. सगळे छताकडे बघतायत. एकालाही नवल नाही! सगळ्यांना माहीत होतं. उरास्सी म्हातारी तोंडात पदर खुपसल्यासारखा रुमाल कोंबून हसत होती.

ओनेझीमच्या दारात मध्यरात्र लवकर येते. माझी ओळ!

आणि दारात क्लेबेर. काखेत तिकोन, डोक्यावर माझी टोपी. ऑरेलियाने निरोप पाठवला होता त्याला — मामा, या, बघायला मिळेल. एकोणीस वर्षं थांबला होता ह्या घटकेसाठी. मनगट वर करेल असं वाटलं. केलं नाही. चर्चमध्ये बोलावं तशा आवाजात म्हणाला —

"दाजी, नाच थांबवा. उपास आहे."

मी घंटा वाजवली. माझ्या हाताने. सगळे जागच्या जागी थांबले, जोड्या तशाच, हात हातात. तीनशे माणसं अकरा मिनिटं उभी. एका पोराने शिंकून घेतलं, तेवढंच. रेडिओवाल्यांच्या तारा तेवढ्यात जोडून झाल्या.

क्लेबेर माझ्या खुर्चीवर बसला. खुर्ची कुरकुरली. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "वाजले नव्हते."

"काय म्हणालात?"

"वाजले नव्हते, म्हटलं! बहिरा आहेस का?"

"नाही. पुन्हा ऐकायचं होतं."

खरे बारा झाले. त्याने तिकोनावर पहिला ठोका दिला.

घड्याळ कोणी पुढे केलं होतं ते मी विचारलं नाही. ऑरेलिया माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

१४ एप्रिल, ईस्टर

विचारलं.

"आईने," ऑरेलिया म्हणाली. "नाचघर उघडलं त्या दिवसापासून. तुमचा उपास मोडू नये म्हणून. शेवटच्या वॉल्ट्झला चार मिनिटं, आतल्या खोलीत झोपलेली पोरं उचलायला पाच, आणि तुमच्या ओरडण्याला दोन." मामा भांडून गेल्यावर आई दोनदा सांगायला आली होती म्हणे. दोन्ही वेळा मी म्हणालो — भावाची बाजू घेऊ नकोस.

ऑरेलिया स्टुलावर चढली होती. "आता बरोबर लावून टाकू का, पापा?"

खबरदार, म्हटलं. हात लावशील तर!